चंद्राला कड नसते

ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात पुढे काउंटर होता, मधे वाफेच्या इस्त्र्या फुसफुसत असायच्या, आणि अगदी मागे, जिथे खिडकीखाली एक टेबल नि एक खुर्ची एवढंच काय ते मावत होतं, तिथे रफूताई बसायची. दुकानात तिला सगळे याच नावानं हाक मारायचे आणि हळूहळू गल्लीतही तेच नाव पडलं. कसर लागलेल्या शाली, सिगारेटनं भोक पडलेले कोट, खिळ्यात अडकून फाटलेल्या पँटी असं काय काय तिच्यापुढे येऊन पडायचं. ती कापड जवळजवळ नाकाला लावायची, शिवणीच्या आतून त्याच कापडाचे चार धागे काढायची आणि आडवा-उभा, आडवा-उभा असं विणत भोक बुजवून टाकायची. गिऱ्हाईक यायचं, कोट उलटापालटा करून बघायचं आणि विचारायचं, "अहो, पण भोक होतं कुठे?"

"एवढं बारीक काम करता, डोळ्यांना त्रास नाही होत?" असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "माझे डोळे म्हणजे घारीचे आहेत!"

आणि हे ती अगदी मनापासून म्हणायची. खरं पाहता हातभर अंतरापलीकडचं जग तिला जन्मापासून कधी धड दिसलेलंच नव्हतं. पण हे तिला ठाऊक नव्हतं, आणि दुसऱ्या कुणालाही नव्हतं. ठाऊक होणार तरी कसं? शाळेत बाई फळ्यावर काहीतरी पांढरं-पांढरं करायच्या आणि हुशार मुलांना ते कळायचं. आपल्याला कळत नाही म्हणजे आपण ढ, असा तिनं हिशेब मांडला होता आणि बाईंचंही तेच मत असल्यामुळे विषय तिथेच मिटला. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तरी हिच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही, म्हणून शेजारणी तिला शिष्ट म्हणायच्या. माणसं ती चालीवरून ओळखायची, आवाजावरून ओळखायची. तिचा नवरा शहराची बस चालवायचा. थांब्यावर गाडी आली की ही शेजारच्याला विचारायची, "किती नंबरची हो ही?" नवऱ्याला वाटायचं, बायकोला अनोळखी माणसांशी बोलायची हौस आहे.

आभाळाशी तिची ओळख आईनं करून दिली होती. लहानपणी उन्हाळ्यात सगळी गच्चीवर झोपायची. आई तिला कुशीत घेऊन तारे दाखवायची. ते तरी कितीसे? हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. मोठे, मऊ, पाण्यात दुधाचा थेंब पडून पसरावा तसे कडेनं विस्कटलेले. आई सांगायची, "तो टाकीवरचा बघ, तो म्हातारा. त्याच्या पलीकडचा रडका, सारखा डोळे पुसतो. आणि त्या दोघी जावाजावा, बघ कशा एकमेकींकडे पाठ करून बसल्यात." रफूताईच्या मनात ती सगळी माणसं कायमची वस्तीला आली. पुढे गाण्यांत, पुस्तकांत 'लाखो तारे' असं तिनं पुष्कळदा ऐकलं, वाचलं. पण ती आपली बोलायची पद्धत असणार. जिवाचं पाणी पाणी झालं म्हणतात, म्हणून कुणी बादली घेऊन धावत नाही.

रफूच्या कामात हात गुंतलेले असतात पण डोकं मोकळं असतं. त्या मोकळ्या डोक्यात तिला ओळी सुचायच्या. त्यांना कविता म्हणतात हेही तिच्या ध्यानात नव्हतं. धागा ओढता ओढता ती त्या पुटपुटायची, चार-आठ दिवस घोळवायची आणि मग नवी आली की जुनी विसरून जायची.

एका थंडीत एक वयस्क गृहस्थ कोट घेऊन आले. बाहीवर नेमकं कुठे कसर लागली आहे ते दाखवायला ते स्वतः मागपर्यंत आले, आणि टेबलाशी येऊन थबकले.

"काय म्हणालात?"

"कुठे काय? काही नाही. असंच," रफूताई ओशाळली.

"परत म्हणा बघू."

तिनं खाली मान घालूनच म्हटलं:

*टेकडीवरचा दिवा की तारा,*
*ओळखू येत नाही मला.*
*दोघांनाही मी विचारते,*
*अजून जागे आहात का?*

गृहस्थांनी कोटाची पावती उलटी केली आणि तिच्या पाठीवर ते चार चरण उतरवून घेतले. ते कवितांचं एक छोटं मासिक चालवायचे. ते कुठून निघायचं म्हणाल, तर वाचनालयाच्या मागच्या खोलीतून. अंक वेळेवर कधी यायचा नाही, पण यायचा मात्र नक्की. पुढच्या अंकात त्या चार ओळी छापून आल्या. मग संपादकांनी दुकानात येण्याचा सपाटाच लावला. त्यांच्याकडे फाटके कपडे इतके कसे, याचं दुकानातल्या इस्त्रीवाल्यांना नवल वाटायचं.

ज्या कवितेनं तिचं नाव झालं ती चंद्रावरची:

*चंद्राला कड नसते.*
*तो जिथे संपतो*
*तिथे आभाळ हलकेच*
*त्याचं बोट धरतं.*

लोकांना ती पाठ झाली. कुणी लग्नाच्या पत्रिकेत छापली, कुणी आजारी माणसाला वाचून दाखवली. दोनेक वर्षांत एक पातळसं पुस्तक निघालं, आणि त्यावर एका प्राध्यापकांनी भला मोठा लेख लिहिला. रफूताईनं अंक नाकाशी धरून तो वाचला आणि एका वाक्याशी अडली. "इतर कवी जिथे मुठीमुठीनं तारे उधळतात, तिथे ही कवयित्री मोजकेच तारे ठेवते. तिचा हा संयम विरळा आहे."

"संयम म्हणजे काय हो इथे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"संयम म्हणजे कमी बोलणं."

"मग हे माझ्याबद्दल नसणार," असं म्हणून तिनं अंक मिटला. पण तो लेख तिनं पुन्हा पुन्हा वाचला, हेही खरं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना लेकीच्या शाळेतून निरोप आला. मुलगी फळ्यावरचं चुकीचं उतरवते, डोळे तपासून आणा. "लक्ष नसतं हिचं, दुसरं काय? मलाही फळ्यावरचं कधी कळलं नाही," असं पुटपुटत रफूताई लेकीला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. लेकीची तपासणी झाली, नंबर निघाला. चष्मेवाला कागदावर काहीतरी लिहीत होता. मधेच त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. ती डोळे बारीक करून भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघायचा प्रयत्न करत होती.

"ताई, तुम्हाला शेवटची ओळ दिसते का?"

"कुठली ओळ?"

"समोरच्या भिंतीवरची."

"तिथे ओळी आहेत?"

चष्मेवाल्यानं पेन खाली ठेवलं. "बसा इथे," तो म्हणाला.

त्यानं तिच्या नाकावर ती लोखंडी चौकट चढवली आणि एकावर एक काचा सरकवायला सुरुवात केली. भिंतीवर आधी एक राखाडी ढग होता. ढगाचे ठिपके झाले, ठिपक्यांना हातपाय फुटले आणि एकदम अक्षरं होऊन ती ओळीनं उभी राहिली. पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली. काउंटरवरच्या माणसाची मिशी एका बाजूला आखूड आहे, हे दिसलं. दाराशी खुर्चीवर पाय हलवत बसलेली लेक तिच्याकडे बघून हसत होती. इतक्या लांबून हसणारी लेक तिनं यापूर्वी कधीच पाहिली नव्हती. म्हणजे इतकी वर्षं ती हसत असणार, आणि आपण नुसतंच बघत बसलो असणार.

चष्मा हाती आला त्या दिवशी ती रस्त्यानं घरी आली ती धडपडतच. झाडाला सुटी सुटी पानं होती. तारांवर पक्षी बसले होते. तिला सगळ्यात जास्त अवघडल्यासारखं झालं ते माणसांमुळे, कारण सगळी तिच्याकडे बघत होती. आजवर तिचा असा समज होता की आपल्याला जशी लांबची माणसं पुसट दिसतात, तसे आपणही त्यांना पुसटच दिसत असू. म्हणजे ओढणी नीट नसली, केस विस्कटलेले असले तरी ते रस्ताभर सगळ्यांना दिसत होतं! समोरून शेजारीण आली आणि सवयीनं तोंड फिरवू लागली, तोच रफूताई तिच्याकडे बघून हसली. शेजारणीच्या हातातली पिशवी पडता पडता राहिली.

त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर तिघं गच्चीवर गेली. नवऱ्याचीच हौस. "चल, आता तुझं आभाळ बघ एकदा डोळे भरून," तो म्हणाला. लेक पुढे पळाली. रफूताई वर आली, कठड्याला हात टेकवून उभी राहिली आणि तिनं मान वर केली.

तिनं आभाळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाली, "हे काय आहे?"

"काय काय आहे?"

"हे सगळं."

"तारे," नवरा म्हणाला. "अगं, तारेच. दुसरं काय असणार?"

"एवढे?"

"इथे शहरात कमीच म्हणायचे. मोकळ्या रानात जाऊन बघ, पाय ठेवायला जागा नसते."

इथल्या गच्चीवरही टाकी होती; ती तिकडे वळली. तिथे म्हातारा असायला हवा होता. तिथे एक बारीकसा, टोकदार, चकचकीत ठिपका होता आणि त्याच्या आजूबाजूला आणखी कितीतरी ठिपके होते. हाच का तो? का तो शेजारचा? रडका सापडेना. जावाजावा तर मुळीच सापडेनात; त्यांच्या जागी एक सबंध बाजार भरला होता. जत्थेच्या जत्थे आले होते आणि त्या रेटारेटीत तिची माणसं कुठेतरी हरवली होती. पश्चिमेला चंद्राची कोर टेकली होती. तिच्याकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. नव्या कापडातून धारदार कात्रीनं कापून काढल्यासारखी ती कोर होती.

"ह्याला कड आहे," ती हळूच म्हणाली.

"आई, चंद्राला कड असतेच!" लेक हसली. नवराही हसणार होता, पण बायकोचा चेहरा बघून त्यानं हसू गिळलं.

दर महिन्याला वाचनालयाच्या मागच्या खोलीत कवितेची मंडळी जमायची. पुढच्या बैठकीला जायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण संपादकांनी निरोपावर निरोप पाठवले. त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती, म्हणून तोही बरोबर आला. खोलीत शिरताच संपादक म्हणाले, "अरे वा, चष्मा! ताई, वय झालं म्हणायचं."

रफूताई काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होती. पण नवऱ्याला मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाचं कौतुक सांगावं तसा उमाळा आला. "वय कसलं साहेब! हिला जन्मापासून लांबचं दिसतच नव्हतं. आम्हाला आत्ता कळलं! चंद्र म्हणजे नुसता कापसाचा गोळा. आणि तारे किती दिसायचे माहितीये? सगळे मिळून दहा!"

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. सगळ्यांना एकाच वेळी पुस्तकातल्या त्याच त्या ओळी आठवत होत्या, हे उघड होतं. त्या मंडळींत एक वकील होते. कविता बेताच्या लिहायचे, पण जीभ तल्लख होती. ते म्हणाले, "म्हणजे आपण जिला प्रतिभा म्हणत होतो, तो नंबर होता तर!"

हशा पिकला. वकिलांच्या मनात वाईट काही नव्हतं. समोर आलेला विनोद त्यांच्यानं सोडवत नसे, इतकंच. रफूताईही हसली. पण आजवर अशा बैठकीत तिला फक्त आवाज ऐकू यायचे. या वेळी तिला हसणारं एकेक तोंड वेगवेगळं दिसलं. कोण मनापासून हसलं, कोण तोंडावर हात धरून हसलं, आणि कोण न हसता आपल्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिलं, हे सगळं.

घरी येताना रफूताई नवऱ्याच्या दोन पावलं पुढेच चालत होती.

"मी काय वाईट बोललो?" शेवटी नवरा म्हणाला.

"काही नाही. खरं तेच बोललात."

"मग तोंड का पाडलंयस?"

"अहो, ते मला सांगायचं होतं. किंवा सांगायचं नव्हतं. ते माझं होतं ना? तुम्ही ते भर खोलीत असं टाकून दिलंत."

"मला वाटलं, बरी झाली बायको, आनंदाची गोष्ट आहे."

"मी आजारी कधी होते?" ती एवढ्या जोरात म्हणाली की पुढे चालणारा माणूस मागे वळून बघायला लागला. तो चेहराही तिला स्वच्छ दिसला.

'प्रतिभा नव्हे, नंबर' हे वाक्य पुढे पुष्कळ दिवस फिरत राहिलं. दुकानात कोट टाकायला आलेल्या एका अनोळखी माणसानंसुद्धा तिला ते ऐकवलं, त्याच्या मते प्रेमानं.

तिचं लिहिणं बंद पडलं. तिनं ठरवून बंद केलं असंही नाही. ओळी यायच्याच थांबल्या. रफू करताना ती चष्मा काढून बाजूला ठेवायची, कारण जवळचं तिला तसंच चांगलं दिसायचं. कापड पूर्वीसारखंच नाकाशी यायचं, धागा पूर्वीसारखाच चालायचा, पण डोकं रिकाम्या पिंपासारखं झालं होतं. एकदा संध्याकाळी ती एकटीच गच्चीवर गेली आणि तिनं चष्मा काढून बघितला. गर्दी विरघळली. म्हातारा परत आला, मोठा, मऊ, पसरट. तिनं त्याला हाक मारायला तोंड उघडलं. पण क्षणभरानं तिच्या लक्षात आलं, आपण आता म्हाताऱ्याकडे बघत नाही आहोत, आपल्या डोळ्यांच्या दोषाकडे बघतो आहोत. तिनं निमूटपणे चष्मा परत लावला.

संपादक एक दिवस दुकानात आले, ते या वेळी हातात एकही कपडा न घेता.

"तुमचं पान रिकामं जातंय," ते म्हणाले.

"दुसऱ्या कुणाला द्या, साहेब. माझं सगळं चुकीचं होतं."

"चुकीचं कसं? तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही लिहिलंत."

"पण ते तसं नव्हतं ना! मला एकटीलाच तसं दिसत होतं. जगात दुसऱ्या कुणीच तसं आभाळ पाहिलेलं नाही. मग ते खरं कसं?"

संपादकांनी टेबलावरचा एक धाग्याचा तुकडा उचलला, बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "याचं उत्तर माझ्याकडे नाही, ताई," ते म्हणाले. "मी कविता छापतो, डोळे नाही तपासत."

उगीच काहीतरी गोड बोलून तिची समजूत घातली नाही, एवढ्यासाठी ती त्यांची कायम ऋणी राहिली.

तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे राहायची. त्या साली जिन्याची शेवटची पायरी चुकून आई पडली आणि पाय चांगलाच मुरगळला. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून पाय बरा होईपर्यंत आईला रफूताईनं आपल्याकडे आणलं. आई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. आल्या आल्या तिनं पलंग खिडकीशी सरकवून घेतला, जावयाच्या चहात साखर किती यावरून दोन शब्द ऐकवले आणि नातीला उजळणी म्हणायला लावली.

दोन दिवस रफूताई तिच्याकडे नुसती बघत होती. दारात कुणी आलं की आई डोळे बारीक करायची आणि माणूस बोलेपर्यंत वाट बघायची. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिनं हातात काढून आणायला लावलं आणि नाकाशी धरलं. हे सगळं रफूताईनं जन्मभर पाहिलं होतं, पण तिला ते कधी खटकलंच नव्हतं.

"आई, उद्या डोळे तपासायला जायचं."

"मुरगळलाय पाय आणि तपासतेस डोळे? आता डोळे मिटायची वेळ आली, उघडायचे कसले?"

पण लेकीच्या हट्टापुढे तिचं काही चाललं नाही. जावयानं तिला आधार देऊन चष्म्याच्या दुकानात नेऊन बसवलं. काचा सरकवून झाल्यावर चष्मेवाला म्हणाला, "घ्या, आई आणि लेक, नंबर जवळजवळ एकच. मोतीबिंदूची सुरुवात आहे थोडी, पण हा नंबर नवा नाही. लहानपणापासूनचा असणार."

रफूताई भिंतीला धरून उभी होती. तिला अगदी हळू विचारावंसं वाटलं, पण आवाज मोठाच निघाला. "आई, तुला आभाळात तारे किती दिसतात?"

"किती म्हणजे?" आई वैतागली. "असतात तेवढे. आठ-दहा."

रफूताई हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चष्म्याच्या काचा भिजल्या आणि पुन्हा सगळं पुसट झालं. आई लहान पोरीला रिझवण्यासाठी गोष्टी रचत नव्हती. तिला जे दिसत होतं तेच ती दाखवत होती, आणि लेकीलाही तेच दिसत होतं. त्या गच्चीवर, त्या चटईवर, मऊ ताऱ्यांचं ते आभाळ दोघींनी मिळून पाहिलं होतं.

"हिला काय झालं?" आईनं चष्मेवाल्याला विचारलं. "हिचे आणखी तपासा."

आईचा चष्मा तयार होऊन आला. तो लावून तिनं पहिल्यांदा समोर उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तू एवढी म्हातारी कधी झालीस गं?"

"झाले हळूहळू," रफूताई म्हणाली.

"मला कुणी सांगितलं नाही," आई म्हणाली, आणि हात पुढे करून तिनं लेकीच्या कानामागचे पांढरे केस चाचपून पाहिले.

पाय जरा टेकता यायला लागल्यावर एका संध्याकाळी जावयानं आणि नातीनं मिळून तिला गच्चीवर आणलं, खुर्चीत बसवलं. अंधार पडला. आईनं मान वर केली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे एवढुसे? आणि एवढे? कुणी सांडून ठेवलेत हे?"

"असेच असतात, आजी," नात म्हणाली.

आईनं शांतपणे चष्मा काढला, पदरानं पुसला आणि घडी करून डबीत ठेवला. "माझे मला पुरेत," ती म्हणाली. त्यानंतर तो चष्मा तिनं टीव्ही बघायला वापरला, समोरच्या घरी कोण येतं-जातं ते बघायला वापरला, पण आभाळासाठी तो पुन्हा कधी डोळ्यांवर चढला नाही.

मात्र कुतूहल गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला खिडकीशी बसून ती म्हणाली, "तू बघ तुझ्या त्या काचेतून आणि सांग मला, काय काय आहे वर."

मग रोजचं हेच सुरू झालं. रफूताई दुकानातून यायची, हातपाय धुवायची, चहा घ्यायची आणि आईच्या शेजारी बसायची. अंधार दाटला की ती आधी चष्मा काढून म्हातारा हेरायची, मग चष्मा लावून सांगायला लागायची. आई मधे मधे तोंड घालायची. "म्हाताऱ्याच्या खाली एक फिकट आहे, त्याच्या खाली तीन, तिरपे," असं रफूताईनं म्हटलं की आई म्हणायची, "कशाला आलेत ते त्याच्या घरी? काही काम आहे का?" "तांबूस एक आहे, एकटाच." "रागीट असेल, जाऊ नकोस तिकडे." पहिले काही दिवस रफूताई नुसती यादी वाचल्यासारखी सांगायची. पण आईला यादीत रस नव्हता. तिला कोण, कुठला, कुणाचा, असं सगळं हवं असायचं. ते सांगता यावं म्हणून रफूताईला नीट बघावं लागलं. एकेकाला गर्दीतून बाजूला काढावं लागलं. आणि मग एक दिवस दुकानात, कुणाच्या तरी काळ्या कोटाच्या खांद्यावर धागा ओढताना, ओठ आपोआप हलायला लागले:

*आई, तुझा म्हातारा*
*आता एकटा नाही.*
*त्याच्या पाठीमागे*
*केवढी माणसं उभी होती;*
*आपल्याला दिसत नव्हती, एवढंच.*

कोट गुंडाळून ती उठली, काउंटरवर गेली आणि स्वतःच एका पावतीच्या पाठीवर ते लिहून काढलं.

दुसरं पुस्तक निघायला बरीच वर्षं लागली. ते पहिल्याइतकं कुणाला आवडलं नाही. प्राध्यापकांनी लिहिलं की कवयित्रीचा पूर्वीचा संयम सुटला आहे, तारे फार झाले आहेत. ते वाचून रफूताईला वाईट वाटलं. नाही वाटलं असं ती कधी म्हणाली नाही. लग्नाच्या पत्रिकेत अजून ती चंद्राचीच कविता छापली जाते. पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना एका बैठकीत कुणीतरी सुचवलं की सुरुवातीला चष्म्याची हकिगत घाला, लोकांना गंमत वाटेल. तिनं नको म्हटलं. "चंद्राला कड असते, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण आम्हा दोघींच्या चंद्राला नव्हती. ती कविता त्या चंद्राची आहे. तिला हात लावायचा नाही." वकील त्या बैठकीला होते. या वेळी त्यांनी विनोद सोडून दिला, आणि उठताना तिची छत्री दाराशी आणून दिली.

आईचा पाय त्याच साली बरा झाला होता आणि ती भावाकडे परत गेली होती. तेव्हापासून दर गुरुवारी रफूताई दुकानातून थोडी लवकर निघते आणि शहराच्या त्या टोकाला जाते. भावाच्या घराला छोटीशी बाल्कनी आहे, तिथे दोन खुर्च्या कशाबशा मावतात. अलीकडे आईला जवळचंही कमी दिसतं, त्यामुळे तिचे प्रश्न वाढले आहेत आणि उत्तरं आवडली नाहीत की ती सरळ दुसरी मागते. परवाच्या गुरुवारी आभाळ भरलेलं होतं, एकही तारा नव्हता. "मग ढगांचं सांग," आई म्हणाली. "ढग काय फुकट आलेत?"

परतीला रफूताई नवऱ्याच्या बसनं येते. गुरुवारची ती फेरी त्यानं मुद्दाम मागून घेतली आहे. ती त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसते, चष्मा काढून मांडीवर ठेवते आणि पुटपुटायला लागते. इंजिनच्या आवाजात त्याला अर्धंमुर्धं ऐकू येतं. त्या बैठकीनंतर त्यानं कानाला खडा लावला आहे. घरातलं काहीही बाहेर सांगायचं झालं तर आधी विचारतो.

"ढगांची आहे वाटतं?" तो आरशात बघत म्हणाला.

"अजून झाली नाही."

"मला आवडली तेवढी."

"झाली नाही म्हटलं ना! पुढे बघून गाडी चालवा."

पुढच्या थांब्यावर पुष्कळ माणसं चढली. रफूताई खिडकीकडे सरकली आणि एका बाईला तिनं शेजारी जागा करून दिली.